पावसाळ्यातील मुंबई, प्रवासी आणि आपले औषधालय

पावसाळ्यात मुंबई पाहावयास आलेला प्रवासी जुलाब सुरू झाले की वैद्याकडे न जाता जवळचे औषधालय गाठतो. परतीची गाडी उद्याची असते. जुलाब तत्काळ थांबतील असे काही तो मागतो, आणि कुटजघन वटीची बाटली समोर असतेच. ही सोयीची विक्री आम्हांस मान्य नाही. आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, हा चरकसंहितेचा स्पष्ट निर्देश आहे. बाहेरचे अन्नपाणी बाधलेल्या प्रवाशाची बहुधा हीच अवस्था असते. त्यास पेया व उकळून गार केलेले पाणी सांगावे, आणि ओआरएसची पुडी सर्वांआधी द्यावी. ती पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे पुष्कळ. म्हणून १ लिटरचे प्रमाण तोंडी सांगणे अगत्याचे. पुडी आपल्या शास्त्राची नाही म्हणून मागे ठेवण्याचा अभिमान रुग्णाच्या जिवावर बेततो. शौचात रक्त दिसल्यास वा लघवी कमी झाल्यास रुग्णालयच दाखवावे.

तापाची गोष्ट याहून गंभीर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या क्षुल्लक जखमेतूनही बाधते. लक्षणे मात्र २ ते ३० दिवसांत केव्हाही उमटतात. तोवर प्रवासी नागपूर वा कोल्हापुरास परतलेला असतो. तेथील व्यवसायबंधूंनी सुदर्शन चूर्ण हाती देण्यापूर्वी एवढे अवश्य विचारावे : मुंबईस साचलेल्या पाण्यातून चालला होता काय? उत्तर होकारार्थी आल्यास त्याच दिवशी रक्ततपासणीस पाठवावे.