त्रिकोणापासून पाखरापर्यंत

मुलांनो, चित्रांच्या प्रदर्शनात कधी कधी असे एखादे चित्र दिसते, की ज्यात झाड नाही, घर नाही, माणूसही नाही; आहेत ते नुसते रंग, रेषा आणि आकार. अशा चित्रास अमूर्त चित्र म्हणतात. त्यापुढे लोक थबकतात आणि एकमेकांस विचारतात, “यात आहे तरी काय?” पुढे त्याच चित्रकाराने एखादा पक्षी काढला, की हीच मंडळी समाधानाने मान डोलावतात आणि म्हणतात, “आता स्वारी ताळ्यावर आली!” उलट, काही जाणकार नाक मुरडून म्हणतात, “याने अवघड वाट सोडली आणि सोपी धरली.” मला हे दोन्ही निवाडे उतावळेपणाचे वाटतात. असे का वाटते, ते एका थोर चित्रकाराच्या उदाहरणाने सांगतो.

जगदीश स्वामिनाथन यांचा जन्म १९२८ साली सिमल्यास एका तमिळ कुटुंबात झाला. हिमालयाच्या डोंगररांगा त्यांनी लहानपणापासून पाहिल्या. तरुणपणी ते राजकारणात वावरले, वृत्तपत्रांतून लेखन करून त्यांनी चरितार्थ चालविला आणि चित्रकलेचे शिक्षण दिल्लीस व काही काळ पोलंडमधील वॉर्सा येथे घेतले. १९६२ साली भावनगर येथे बारा कलावंतांनी एक मंडळ स्थापन केले. त्यात ते प्रमुख होते. ज्या घरात हे मंडळी जमली, त्या घराचा क्रमांक १८९०. म्हणून मंडळाचे नावही ‘ग्रुप १८९०’ असेच पडले! १९६३ साली दिल्लीत त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले.

त्यानंतरच्या काही वर्षांत स्वामिनाथन यांनी भूमितीतल्यासारखे आकार घेऊन चित्रे रंगविली. त्यांत त्रिकोण होते, पट्टे होते आणि पहाडी लघुचित्रांची आठवण करून देणारे उजळ, सपाट रंग होते. पुढे हे दशक संपत आले, तेव्हा त्यांच्या चित्रांत नवे पाहुणे दिसू लागले. एक पर्वत, एक वृक्ष आणि एक पाखरू! पिवळ्याधमक अवकाशात एखादा खडक अधांतरी तरंगतो आहे, त्यावर एखादे झाड आहे आणि जवळच एक इवलेसे पाखरू आहे, अशी ही चित्रे त्यांनी पुढे कितीतरी वर्षे काढली.

आता विचार करा. पूर्वीचे त्रिकोण वाया गेले काय? मुळीच नाही. त्या त्रिकोणाकडे टक लावून पाहिले, तर त्यात पर्वताचे शिखर आधीपासूनच दडलेले दिसते. रंगाचे मोठे मैदान कसे राखावे, एका लहान आकाराने ते सारे मैदान कसे तोलून धरावे, हे धडे त्यांनी भूमितीच्या आकारांपाशी गिरविले. त्या अभ्यासाच्या बळावरच इतक्या मोठ्या अवकाशात ते एवढेसे पाखरू ठेवू शकले. रानात दिसणारा पक्षी हुबेहूब उतरविणे हा त्यांचा हेतू नव्हता. पाखरू किती लहान असते आणि त्याच्याभोवतीचे आकाश किती अफाट असते, हे त्यांना दाखवावयाचे होते, असे मला वाटते.

येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. मी मुख्याध्यापक असताना वार्षिक प्रदर्शनासाठी मुलांची चित्रे निवडीत होतो. एका मुलाने सबंध कागद निळा रंगवून खालच्या कोपऱ्यात एकच चिमणी काढली होती. मी त्यावर ‘अपुरे’ असा शेरा मारला. मुलगा काही बोलला नाही. पुढल्या वर्षी त्याने दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचे झाड आणि दोन-दोन वाकड्या रेषांचे कावळे असे इतरांसारखेच चित्र आणून दिले. मी त्याची पाठ थोपटली! निवृत्त झाल्यावर स्वामिनाथन यांचे चित्र पाहिले, तेव्हा मला ती चिमणी आठवली आणि माझी मान खाली गेली. त्या मुलाने चिमणी खरोखर पाहिली होती. मी मात्र रिकामी जागा म्हणजे आळस, असे धरून चाललो होतो.

१९८२ साली भोपाळ येथे भारत भवन उभे राहिले. तेथील ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची धुरा स्वामिनाथन यांनी वाहिली. त्यांनी तरुण विद्यार्थ्यांस खेडोपाडी व वनवस्त्यांवर पाठविले आणि तेथील कलावंतांच्या कृती शहरी चित्रकारांच्या शेजारी त्याच मानाने मांडल्या. याच शोधात पाटणगढ येथील जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण त्यांना भेटला. आपल्या पशुपक्ष्यांच्या चित्रांनी तो पुढे विख्यात झाला. आणि गंमत पाहा! आदिवासी कलेच्या सहवासानंतर उतारवयात स्वामिनाथन स्वतः पुन्हा त्रिकोणांकडे आणि साध्या खुणांकडे वळले. १९९४ साली ते निवर्तले.

मग त्यांनी पाखराकडे वळणे ही माघार होती, की प्रगती? मला विचाराल, तर दोन्ही नव्हे. नदी कधी डोंगराला वळसा घालते, कधी सपाटीवर पसरते. तिचे पाणी एकच असते. चित्रकार विषय बदलतो, परंतु त्याचे पाहणे खरे असेल, तर तो बदलूनही स्वतःशी प्रामाणिकच राहतो.

म्हणून मुलांनो, न कळलेल्या चित्रास हसू नका; त्याच्यापुढे क्षणभर उभे राहा. आणि उद्या सकाळी खिडकीशी एखादे पाखरू आले, तर कागद घेण्याची घाई करू नका. आधी ते नीट पाहा. मग तुमच्या कागदावर ते लहान आले आणि भोवती पुष्कळ जागा मोकळी राहिली, तरी ती मोकळी राहू द्या.