दारावर नोटीस चिकटण्याआधी

आमच्या फ्रिजवरच्या प्लास्टिक कव्हरला कप्पे होते. लाइट बिल, रेशन कार्ड, लग्नपत्रिका, सगळं त्यात. २०२२ च्या पावसाळ्यात बँकेचा एक जाड लिफाफा आला, तोही त्यातच गेला. आतली नोटीस इंग्रजीत होती. अब्बांनी पाहिली, घडी घातली आणि ठेवून दिली. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मीही काही विचारलं नाही.

अडीच-तीन महिन्यांनी दारावर ताबा नोटीस चिकटली. वर्तमानपत्रात अब्बांचं नाव पत्त्यासह छापून आलं. जे लपवायचं म्हणून आम्ही घरात एकमेकांशीही बोललो नव्हतो, ते एका दिवसात सगळ्या मोहल्ल्याला कळलं.

हिशोब सांगतो. लिफाफा आला तेव्हा बाकी १७ लाखांच्या आसपास होती. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ आमच्या दोन खोल्यांचे २४ लाख द्यायला तयार होते. अब्बा म्हणाले, "घर विकलं तर लोकांना तोंड कसं दाखवू?" पुढे लिलावात तेच घर १९ लाखांना गेलं. तोवर व्याज आणि खर्च धरून बाकी १८ लाख झाली होती. हातात आला १ लाख. घर दोन्हीकडून जाणारच होतं, पण स्वतः विकलं असतं तर ७ लाख उरले असते. ६ लाख रुपये आमच्या गप्प बसण्यात गेले.

म्हणून माझा राग बँकेवर कमी आणि स्वतःवर जास्त आहे. नंतर मी जे शिकलो, ते त्या पावसाळ्यात माहीत असायला हवं होतं.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कलम १३(२) ची नोटीस येते आणि तिथून ६० दिवस मिळतात. हे ६० दिवस रडण्याचे नाहीत, कामाचे आहेत. रक्कम चुकीची वाटली तर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. सहकारी बँकांनाही हाच कायदा लागू आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं. बँकेने ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येतं. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नोटीस आल्यावरही घर आपण स्वतः विकू शकतो, फक्त बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागते. खरेदीदाराचे पैसे थेट कर्जखात्यात जातात, उरलेले आपल्याला मिळतात. पण पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

घराची किंमतच बाकीपेक्षा कमी असेल तर? अमेरिकेत बँकेच्या संमतीने अशा कमी किमतीत घर विकण्याला 'शॉर्ट सेल' म्हणतात. २००८ च्या मंदीत हा शब्द तिथे घरोघरी पोचला. आपल्याकडे त्याच्या जवळचा मार्ग म्हणजे एकरकमी तडजोड, ओटीएस. ती हक्काने मागता येत नाही, बँकेच्या धोरणात बसली तरच मिळते. इथे वकील लागतोच. पत्रात 'संपूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेलं नसेल, तर घर गेल्यावरही उरलेल्या रकमेसाठी बँक मागे येऊ शकते.

"वकिलाला पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न आमच्याही घरात होता. त्याचं उत्तर जिल्हा न्यायालयातच आहे: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अम्मी सहकर्जदार होती. तिने एक अर्ज केला असता तर पुरे होतं. फोनवर १५१०० लावला तरी माहिती मिळते.

आता आपल्या समाजाबद्दल. व्याजाचं कर्ज घेतलंय हे सांगायला आपल्या घरांत संकोच असतो. तो मी समजू शकतो. पण संकोचाने व्याज थांबत नाही, उलट दिवसागणिक वाढतं. अडचणीतल्या माणसाला "घेतलंच कशाला?" असं विचारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. "कागद दाखवा, वाचू या" असं म्हणणारे कमी. आपल्या संस्था रमजानमध्ये किट वाटतात, मुलांची फी भरतात. त्याबद्दल मला आदरच आहे. पण राहतं घर गेलं की ते कुटुंब पुढची कित्येक वर्षं किटच्या रांगेत उभं राहतं. घर वाचवणं किंवा ते नीट विकून चार पैसे हाती ठेवणं, हेही मदतीचंच काम आहे.

त्याला मोठा निधी लागत नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ, एक टेबल, लॉ शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आणि महिन्यातून एकदा येणारा वकील. नोटीस मराठीत समजावून सांगायची, तारखा वहीत लिहायच्या, विधी सेवेचा अर्ज भरून द्यायचा. आमच्याकडे आम्ही तिघांनी हे सुरू केलं आहे. पहिल्या महिन्यात कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या महिन्यात एक आपा ओढणीखाली लिफाफा लपवून आल्या. ६० पैकी ४१ दिवस शिल्लक होते.

आज घरी गेलात की फ्रिजवरचे कप्पे तपासा. एखादा लिफाफा तसाच पडला असेल तर तो उघडा आणि अब्बांच्या शेजारी बसून वाचा.