होकाराची घाई

आमच्या मध्यमवर्गात ज्या गोष्टींना निष्कारण प्रतिष्ठा लाभली आहे, त्यांत तत्काळ दिलेल्या होकाराचा क्रमांक बराच वरचा लागेल. बोरिवलीच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत 'यंदा हिशेब कोण पाहणार?' असा प्रश्न निघतो, सर्वांच्या नजरा एका निवृत्त गृहस्थाकडे वळतात, आणि तो उठून उभा राहण्यापूर्वीच टाळ्या पडतात. त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली आहे, हे टाळ्या वाजविणाऱ्यांना ठाऊक नसते असे नाही. 'दोन दिवसांनी सांगतो' एवढेच तो म्हणाला, तर मंडळी तो नकार समजून हिरमुसतात.

याचा थोडा दोष आमच्या भिडस्तपणाकडे जातो. 'बघू', 'कळवतो', 'जमवतो' हे शब्द आम्ही नकार लपविण्यासाठी इतके राबविले, की त्यांचा सरळ अर्थ कोणी घेईनासा झाला. निरोगी माणसाचे त्यात फारसे बिघडत नाही. परंतु ज्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी चार-चार तास पडून राहावे लागते, त्याला खरोखरच बघायचे असते. आणि त्याच्या 'बघू'वर विश्वास ठेवील असा माणूस आम्ही शिल्लक ठेवलेला नाही.

'दोन तासांचा तर समारंभ!' हा आग्रह करणारांचा आवडता युक्तिवाद. समारंभ मुलुंडला, निमंत्रित बोरिवलीचा. दादरचा वळसा नको म्हणून २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धरली, तरी अंधेरीस एकदा आणि घाटकोपरास एकदा गाडी बदलणे, दोन्ही ठिकाणची गर्दी, आणि परतताना हेच सारे पुन्हा. शिवाय दुसऱ्या दिवसाचा हिशेब कोणीच मांडीत नाही. दीर्घ थकव्याच्या एका विकारात तर श्रमाचा दंड त्याच वेळी भरावा लागत नाही; तो काही तासांनी, कधी दिवसा-दोन दिवसांनी वसूल होतो. इंग्लंडातील 'नाइस' या संस्थेने २०२१ साली या विकारासाठी ठराविक मापाने व्यायाम वाढवीत नेण्याचा जुना उपचार मागे घेतला, आणि रोग्याने आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहावे असे सांगितले.

'कार्यकर्त्याला असली मोजमापे शोभत नाहीत' असे म्हणून कोणी थोरांचे दाखले देतील. दाखलाच हवा तर नामदार गोखल्यांचा घ्यावा. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले, तेव्हा वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले होते. थांबण्याचे मोल या पुरुषाइतके कोणी जाणले असेल? पण मधुमेहाने पोखरलेल्या त्यांच्या स्वतःच्या देहाकडून असे वर्ष कोणी मागून घेतले नाही. गांधीजींसाठी पुण्यात लहानसा उपाहार योजला होता. गोखले तेथे कसेबसे आले, मूर्च्छित झाले, त्यांना उचलून न्यावे लागले, आणि शुद्धीवर येताच त्यांनी उपाहार चालू ठेवण्याचा निरोप पाठविला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. त्या निरोपापुढे आम्ही आजही नतमस्तक होतो. मात्र तो आदर्श म्हणून गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराच्या गळ्यात बांधणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

असो. या गृहस्थांना निदान स्वतःचा होकार स्वतः देता येतो. घरातील स्त्रीचा होकार दुसरेच देऊन मोकळे होतात! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची धांदल असते. शेजारीण दारात येऊन गुळपोळ्यांचा विषय काढते, आणि यजमान वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतात, 'आमची ही करील की पन्नास!' 'ही'ला आमवात आहे. सकाळी बोटे वळू लागायलाच तिला तास-दीड तास लागतो. तिला ही बातमी स्वयंपाकघरात कळते, तोपर्यंत शेजारीण आभार मानून गेलेली असते. आता मागे घ्यावे तर घराची शोभा जाते. म्हणून ती पोळ्या करते, आणि पुढचे चार दिवस तिला वेणी घालता येत नाही. 'कामाने हात सुटतात' असे वर तिलाच ऐकविले जाते. बेताची हालचाल डॉक्टरही सांगतात. सुजलेल्या सांध्यांनी पन्नास पोळ्यांची कणीक मळायला कोणता डॉक्टर सांगतो, ते आम्हांस पाहायचे आहे.

थांबून उत्तर देण्याची मुभा दिली तर सार्वजनिक कामे बसतील, हा आक्षेप तर अगदीच पोकळ आहे. कामे बसतात ती भिडेखातर हो म्हणून ऐन दिवशी अंथरुणास खिळलेल्या माणसामुळे. दोन दिवस मागून घेऊन 'हिशेब पाहीन, पण बँकेत जाणार नाही' असे सांगणाराच वर्षअखेरीस वह्या पुऱ्या करून देतो.

तेव्हा विनंती करणाराने काम किती तासांचे, जिने किती, बसायला खुर्ची आहे काय आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे, एवढे सांगून आपल्या घरी जावे. उंबऱ्यात उभे राहून उत्तर वसूल करू नये. आणि यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवून आधी स्वयंपाकघरात विचारावे. तेथून उत्तर दुसऱ्या दिवशी आले, तर शेजारणीसही दुसऱ्या दिवशीच कळवावे. गुळपोळ्या हल्ली दुकानातही मिळतात.