‘मस्ट’ला उद्यां नाहीं

मराठी माणसाच्या इंग्रजींत इच्छा आणि कर्तव्य यांची जी गल्लत होते, तिचें मूळ त्याच्या आळसांत नसून त्याच्या मातृभाषेंत आहे. ‘मला उद्यां मुंबईस जायचें आहे’ या वाक्यांत जाण्याची हौस आहे, कीं गेल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें शब्दांवरून कळत नाहीं. बोलणाराच्या चेहऱ्यावरून कळतें. पत्राला चेहरा नसतो. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठीं रजा मागणारा तरुण ‘आय वाँट टु गो’ असें लिहून मोकळा होतो, आणि परभाषिक वरिष्ठ ती इच्छा समजून ‘सवडीनें पाहूं’ म्हणतो. तेथें ‘आय हॅव टु गो’ एवढेंच हवें होतें.

यांत ‘पाहिजे’ या शब्दाचाही वांटा आहे. ‘पाहणें’ या धातूचें हें जुनें कर्मणि रूप, ज्ञानेश्वरीच्या मराठींतील ‘कीजे’, ‘बोलिजे’ यांच्या कुळांतलें. कुळांतलीं बहुतेक रूपें गेलीं, हें उरलें. आणि ‘चहा पाहिजे’, ‘गेलें पाहिजे’ हीं दोन्ही ओझीं त्याच्याच डोक्यावर आलीं.

छत्रपति संभाजीनगरच्या वाचकांजवळ मात्र यावर एक घरगुती उपाय आहे. हें शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. कचेरीची भाषा उर्दू, आणि हैदराबादेस १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणही उर्दूंतच. तेव्हां येथील कित्येक घरांतून पणजोबांनीं दौलताबादी कागदावर उर्दू अर्ज लिहिले नसतील, तरी बोलण्यांत ती भाषा मुरली ती मुरलीच. गुलमंडीवर भाजी घेणाऱ्या गृहिणीसही ‘जाना चाहता हूं’, ‘जाना चाहिए’ आणि ‘जाना पडेगा’ यांतील अंतर कोणी शिकवावें लागत नाहीं. पहिल्यास ‘वाँट’, दुसऱ्यास ‘शुड’, तिसऱ्यास ‘विल हॅव टु’. मनांतलें मराठी वाक्य आधीं बाजारच्या हिंदींत म्हणून पाहावें व मग इंग्रजींत न्यावें. शाळेंतील व्याकरणापेक्षां ही वाट जवळची आहे, असें आमचें मत आहे.

आतां ‘मस्ट’विषयीं. हा शब्द मुळांत एका जुन्या क्रियापदाचें भूतकाळी रूप. तें वर्तमानाच्या अर्थानें रूढ झालें आणि त्याचे बाकीचे काळ खुंटले. ‘काल जावें लागलें’ याला ‘हॅड टु’, ‘जावें लागेल’ याला ‘विल हॅव टु’ असा उसना आधार घ्यावा लागतो. ‘आय मस्ट गो टुमॉरो’ हें चुकीचें नव्हे. पण तेथें जाणें उद्यांचें असलें तरी बंधन आजच पडलेलें आहे. उलट ‘उद्यां नळाला पाणी न आलें, तर टँकर मागवावा लागेल’ यांतील बंधन अजून जन्मास यावयाचें आहे. तें ‘विल हॅव टु’चें क्षेत्र. (बोलतांना इंग्रज ‘हॅफ टु’ असा उच्चार करतात, तो ऐकून दचकूं नये.) शिवाय ‘मस्ट’मध्यें बोलणाराचा आग्रह असतो, म्हणून ‘जेवायला यायलाच हवें’ या निमंत्रणाला तो शोभतो. कार्यालयाची वेळ, बँकेचा नियम, हप्त्याची तारीख यांना ‘हॅव टु’ बरा.

‘शॅल’चा घोळ फार घालूं नये. पहिल्या पुरुषीं ‘शॅल’, इतरत्र ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यानें १६५३ च्या व्याकरणांत नोंदविला. नित्याच्या बोलण्यांत तो आतां फारसा उरलेला नाहीं. कायद्यांत मात्र ‘शॅल’ जिवंत आहे. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठांत राज्यसंस्थेवरील बंधनें त्याच शब्दानें घातलीं आहेत, आणि या शहरांत १९८१ पासून उच्च न्यायालयाचें खंडपीठ असल्यामुळें ‘शॅल’ कीं ‘मे’, या एका शब्दावर तास तास वाद घालणारे वकील आपल्या शेजारींच राहतात.

खरा धोका नकारांत आहे. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ होकारांत सख्खे भाऊ, नकारांत वैरी. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई. ‘डोन्ट हॅव टु’ म्हणजे मोकळीक. आपल्या ‘नको’च्या पोटांत दोन्ही अर्थ सुखानें नांदतात. समजा, वास्तुशांत ठरली आहे, आणि अमेरिकेंत वाढलेल्या, मराठी न जाणणाऱ्या नातसुनेला तीन महिन्यांचें बाळ आहे. आजी मायेनें म्हणतात, ‘तिनें एवढ्या लांब यायला नको.’ शाळकरी नातू दूरध्वनीवर तत्परतेनें भाषांतर करतो, ‘यू मस्ट नॉट कम!’ घरच्या कार्याला येण्याची आपल्याला बंदी झाली, असें समजून ती पोर तिकडे रडत बसेल आणि इकडे कोणाला कारण कळणार नाहीं. आजींच्या मनांतलें वाक्य होतें, ‘यू वोन्ट हॅव टु कम’. आणि त्याला जोडून, ‘बट वुई वुड लव्ह टु हॅव यू.’