बंदुकीच्या खाचेला कानस नको

आज केळी-मोगरा बाजूला ठेवतो, विषय बंदुकीचा आहे.

पंपाचं वॉशर, पावर टिलरचा क्लच, फवारणी पंपाचा नोझल, सगळं आपण घरीच उघडतो. मी पण त्यातलाच. राजोडीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, मेकॅनिकची वाट बघत बसलो तर वाडी सुकेल. पण परवा एकाने विचारलं, "काका, ठासणीच्या बंदुकीचा चाप जड लागतो, कानस मारू का?" नको रे बाबा.

माझी सासुरवाडी संगमेश्वरकडे. तिकडे भातात डुक्कर, बागेत माकडं, म्हणून शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक. ही सिंगल ॲक्शन. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा, चाप तो फक्त सोडतो. ओढलेला घोडा अडून राहतो तो एका बारीक खाचेवर. आमच्या एका नातेवाइकाने ती खाच घासली. आठ दिवस खूश होता. नवव्या दिवशी बांधावर पाय घसरला, चापाला बोट नसताना घोडा पडला. छरे फणसात गेले. पोरगा दोन हातांवर उभा होता.

कोयत्याला पाणी दिलेलं असतं ना, तसा या खाचेवर कडक केलेला पातळ थर असतो. कानशीने तो गेला की खालचं मऊ लोखंड लवकर झिजतं. झीज डोळ्यांना दिसत नाही.

अमेरिकेत 1873 सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला सहा घरं, पण जाणती माणसं पाचच भरायची, घोड्याखालचं रिकामं ठेवायची. रुगर कंपनीने 1973 मध्ये आतली रचनाच बदलली. पुढे जुनी रिव्हॉल्व्हरं कारखान्यात मागवून त्यांनाही सुरक्षेची पट्टी फुकट बसवून दिली. मालकाच्या हातात सुटे भाग दिले नाहीत, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्यार दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर यात किमान सात वर्षांची शिक्षा आहे.

पण नुसता कायदा दाखवून भागत नाही. परवानाधारक कारागीर गावापासून लांब, आमच्या नातेवाइकाला दोन हेलपाटे पडले. म्हणून तर माणूस कानस उचलतो. निवडणुकीच्या वेळी अनेकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. त्याच वेळी तालुक्याला एक कारागीर बसवून घोडा, चाप, नळी तपासून का देत नाहीत? खर्च शेतकरी देईल. परवान्याच्या नूतनीकरणाला कागद तपासता, तेव्हा बंदूकही तपासा.

तोवर बार नाही याची दोनदा खात्री करून नळी पुसा, तेल लावा, तेवढंच. घोडा सैल वाटला तर बार ठासू नका. डुकराला त्या रात्री डबे वाजवा.