मांडीवरचे मूल

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी अमेरिकेहून आली ती वर्षाच्या मुलाबरोबर त्याचे मोटारीतले आसनही घेऊन. दिल्ली विमानतळावरून घरी येण्यासाठी मी भाड्याची मोटार ठरवली होती. आसन बांधायला तिने मागचा पट्टा शोधला, तर त्याचे बक्कल सीटच्या पांढऱ्या खोळीखाली दडपलेले. मी म्हणालो, "अगं, अर्ध्या तासाचा तर रस्ता. मी घेतो त्याला मांडीवर." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला तो धरवणार नाही."

ते वाक्य मला लागले. घरी येऊन हिशेब मांडला. ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोंच्या बाळाला रोखायला सुमारे 140 किलोंचा भार पेलण्याइतकी ताकद लागते. धरणाऱ्याने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर त्याचाही भार बाळावरच येतो. मुलगी बरोबर होती.

मुलाला किती इजा होईल हे केवळ धडकेच्या जोरावर ठरत नाही. ते कोठे, कसे आणि कशाने बांधलेले आहे, यावरही ते अवलंबून असते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, म्हणून त्याचे आसन मागे तोंड करून लावतात. मात्र असे आसन चालू एअरबॅगसमोर ठेवणे प्राणघातक ठरू शकते. थोड्या मोठ्या मुलाला प्रौढांचा पट्टा गळ्यावर व पोटावर येतो. त्याला उंच करणारी बैठक हवी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक वाद आठवेल. अमेरिकेतील प्राणघातक अपघातांच्या नोंदी तपासून स्टीव्हन लेव्हिट यांनी म्हटले की, 2 ते 6 वर्षांच्या मुलांचे मृत्यू टाळण्यात बालआसन साध्या पट्ट्याहून फारसे सरस नाही. 2006 साली अन्य संशोधकांना मात्र आसनाचा लाभ स्पष्ट दिसला. पण तो वाद आसन आणि पट्टा यांच्यातला होता. काहीच न बांधणे सर्वांत घातक, याविषयी दुमत नव्हते. आपल्याकडे निवड अजून पट्टा आणि मांडी यांच्यात आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 194ख आले. 14 वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित नसेल, तर 1000 रुपये दंड आहे. परंतु पट्टाच खोळीखाली असेल, तर दंड कोणाला करायचा?

येथे मला माझ्याकडेच बोट दाखवावे लागते. कार्यालयासाठी मोटारी भाड्याने घेण्याच्या निविदांच्या अटी मी अनेकदा तपासल्या आहेत. वातानुकूलन, चालकाचा गणवेश, स्वच्छ पांढऱ्या खोळी, सारे त्यांत असे. मागचे पट्टे वापरण्याजोगे असावेत, ही ओळ मला कधी सुचली नाही. त्याच मोटारी सायंकाळी कोणाच्या तरी लेकरांना घेऊन धावतात.

बालआसन सर्वांना परवडेल असे मी म्हणत नाही. पण पट्टा मोटारीच्या किमतीत आधीच मोजलेला आहे. त्यावरची खोळ काढण्यास खर्च नाही. निविदेत ती एक ओळ घालण्यास तर अंतर्गत वित्त विभागाची संमतीही लागू नये.