आमदारांचा अहवाल आणि कचेरीतला फलक

अधिवेशन आटोपले की आमदारांचे कार्य-अहवाल गुळगुळीत कागदावर छापून घरोघर येतात. त्यांत भूमिपूजनांची छायाचित्रे विपुल असतात, परंतु कोणत्या विधेयकावर आपले प्रतिनिधी सभागृहात काय बोलले, याविषयी बहुधा अवाक्षर नसते. उदाहरणच घ्यायचे तर, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली अमलात आला. त्यान्वये अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास खात्यातच दोन अपिले व तिसरे सेवा हक्क आयोगाकडे करण्याची तजवीज झाली, आणि पुरेशा कारणाविना दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास 500 ते 5000 रुपयांचा दंड ठरला. तथापि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या अर्जदारास ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ एवढेच ऐकावे लागते, आणि सेवा, शुल्क, मुदत व अपील अधिकारी यांचा तपशील देणारा, कायद्यानेच सक्तीचा केलेला फलक दप्तरांच्या गठ्ठ्यांआड अर्धा झाकलेला असतो. मग तो अर्जदार आमदारांच्या बंगल्यावर चिठ्ठी मागावयास जातो. आणि हक्काने मिळणारी वस्तू मेहेरबानी म्हणून देता येणे पुढाऱ्यांना (पक्ष कोणताही असो) गैरसोयीचे कधीच वाटलेले नाही. पुढील अहवालात भूमिपूजनाचे एक छायाचित्र गाळून, तालुक्यातील किती अर्ज मुदत उलटूनही पडून आहेत व किती अधिकाऱ्यांस दंड झाला, हे दोन आकडे आमदारमहोदयांनी अवश्य छापावेत.